भिंतीकडे तोंड

द ब्लॅक रॅम, अल्डरविक
१४ ऑक्टोबर १९६८

प्रिय डॉर्कस मावशी,

वरचा पत्ता वाचून चष्मा पुसायला घेतला असशील तर राहू दे, बरोबरच वाचलंस. कॅनडा सुटलं. पंधरा वर्षं बर्फ उपसून विल्फच्या पाठीचं भुसकट झालं होतं. घर विकून उन्हाळाभर त्याच्या भावाच्या शेतावर राहिलो. तेवढ्यात कुणीतरी पाठवलेल्या इकडच्या वर्तमानपत्रात बिअरवाल्या ब्रुअरीची जाहिरात दिसली, ब्लॅक रॅम पब चालवायला नवरा-बायको पाहिजेत म्हणून. मी विल्फला म्हटलं, ज्या घरात मावशीने मला लहानाची मोठी केली ते घरच मला बोलावतंय, आता तू मध्ये येऊ नकोस. तो बिचारा कधी मध्ये येतो?

तू गेल्यापासून चार वर्षांत ब्रुअरीच्या पगारी माणसांनी इथे नुसता उकिरडा करून ठेवलाय. तळघरात उंदीर, पितळेला काळिमा आणि खिडक्यांतून उजेड यायलाही लाजत होता. आणि गंमत म्हणजे आता आपलं घर सरकारी यादीत चढलंय. जुनी, जपायची इमारत. परवा काउन्सिलचे मिस्टर लाइल आले होते. नळीसारखी मान आणि तोंडात सतत पुदिन्याची गोळी. ते म्हणाले, "मिसेस अँबलर, या घरातला एक खिळासुद्धा आम्हाला विचारल्याशिवाय हलवायचा नाही." मी म्हटलं, "आणि उंदीर?" हसले नाहीत.

त्यांना काउंटरवरची मोठी तुळई बघायची होती, म्हणून तिच्या हुकांवर टांगलेले बिअरचे सगळे मग मी उतरवले. लहानपणी तू मला बारमध्ये पाऊल टाकू द्यायची नाहीस, त्यामुळे ते कथलाचे मग मी पहिल्यांदाच हातात घेतले. काय धूळ गं मावशी! काहींच्या आत तर कोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती. राख आणि व्हिनेगर घेऊन दोन दिवस घासत बसले. आधी ते टांगलेही वेडेवाकडे होते, काहींची तोंडं गिऱ्हाइकांकडे, बऱ्याच जणांची भिंतीकडे. आता सगळे ओळीने, तोंडं बाहेर, लखलखीत. तुझाही आहे त्यात, तुझ्या निरोपाला गिऱ्हाइकांनी दिलेला, रूबेन काकांच्या मगाशेजारी. एक मग फार देखणा निघाला, मेंढ्याच्या शिंगासारखा कान असलेला, तळाला जे. सी. कोरलेलं. तो मी विल्फला दिला. इतकी चांगली वस्तू नुसती टांगून काय करायची?

एमस टनार्ड अजून टपाल वाटतो आणि सकाळचा अर्धा ग्लास अजून इथेच पितो. सगळे मग टांगून झाल्यावर तो आला, वर बघितलं, ग्लास तसाच ठेवला आणि निघून गेला. त्याला काय झालं कुणास ठाऊक. तुझी चौकशी मात्र नेहमी करतो. पत्र काउंटरवर ठेवते, तो नेईल.

नाताळात तुला भेटायला येणार आहे. आधी यायला हवं होतं, पण इथून हलता येत नाही. रागावू नकोस.

तुझी,
एव्हिस


क्लिफ हाऊस, सॉल्टवेल
२० ऑक्टोबर

एव्हिस पोरी,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीने पाय पुसल्यासारखंच आहे. तू आलीस, तू त्या घरात आहेस, हे वाचून मला किती बरं वाटलं ते सांगत नाही, नाहीतर तू डोक्यावर बसशील.

पण मुली, हे काय करून बसलीस? मग कुणी वेडेवाकडे टांगले नव्हते. चूक माझी, मी तुला कधी सांगितलं नाही. घर सोडताना नव्या माणसाला तोंडी सांगायचं अशी रीत आहे, आणि मी सोडलं तेव्हा घ्यायला आला तो ब्रुअरीचा कारकून. त्याला काय सांगणार? एमसला म्हटलं, तू लक्ष ठेव. त्याने चार वर्षं ठेवलं.

नीट ऐक. त्या घरात पूर्वी मेंढ्या हाकणारे लोक उतरायचे. कळप घेऊन दलदलीतून दक्षिणेच्या बाजाराला जायचे आणि जाताना आपला मग टांगून जायचे, तोंड बाहेर करून. म्हणजे मी परत येणार, जागा ठेवा. माणूस गेल्याची खबर आली की मालकिणीने त्याच्या मगाचं तोंड भिंतीकडे करायचं. पुन्हा धुवायचं नाही, भरायचं नाही, उतरवायचं नाही. एका हिवाळ्यात धुक्यात बरेच जण बुडाले. तेव्हाच्या मालकिणीचा नवराही त्यांत होता आणि तिच्याने ते मग फिरववेनात. पुढचं मला माझ्या सासूने सांगितलं, ते मी कागदावर उतरवणार नाही. एवढंच सांगते की त्यांना परत यायला जागा होती, म्हणून ते परत आले.

तू काय केलंस ते कळलं का? गेल्या तीनशे वर्षांतल्या सगळ्या मेलेल्यांना आमंत्रण दिलंस, तेही भांडी घासून.

ज्यांची तोंडं भिंतीकडे होती ती आजच तशी कर. आणि विल्फच्या हातातला तो मग काढून घे. जे. सी. म्हणजे जेबेझ क्रॉफ्ट. मेंढ्या हाकायचा. सगळ्यांत धोक्याचा तोच.

इकडे यायचं तूर्त मनात आणू नकोस. इथे गोवराची साथ आहे.

तुझी मावशी,
डॉर्कस


द ब्लॅक रॅम
३ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

खरं सांगू? तुझं पत्र वाचून मी हसले. मिस्टर लाइलना गोष्ट सांगितली तर त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि म्हणाले, "हुक यादीत येतात, मिसेस अँबलर. कथलाचे मग येत नाहीत. त्यांची तोंडं कुठेही करा." विल्फ तर म्हणाला, "मेलेलं गिऱ्हाईक बरं, उधारी मागणार नाही." म्हणून मी काही केलं नाही. आता हसू येत नाही.

हे रात्रीचं नाही, मावशी. रात्री घर अगदी शांत असतं. हे दुपारचं आहे. कायद्याप्रमाणे अडीचला शेवटचं गिऱ्हाईक बाहेर काढून दार लावायचं आणि साडेपाचला उघडायचं, तेवढ्या मधल्या वेळात. लख्ख उजेड असतो, बाहेर पोरं शाळेतून येत असतात. मी मागे स्वयंपाकघरात मांसाचं सारण भरून पोर्क पाय भाजत असते आणि बारमधून बोलणी ऐकू येतात. भांडण नाही, आरडाओरडा नाही, गिऱ्हाइकं बोलतात तशी बोलणी. मी दार उघडलं की थांबतात. आपण एखाद्या खोलीत शिरावं आणि आपल्याबद्दलच बोलणाऱ्यांनी गप्प व्हावं, तशी. बाकावर हात ठेवला तर बाक गरम. ओल्या लोकरीचा वास. टांगलेले मग आतून ओले. शेकोटीच्या कठड्यावर कुणीतरी पाइप झटकून ठेवलेली राख, आणि विल्फ पाइप ओढत नाही.

तुझं पत्रही मला तिथेच सापडलं, दुपारी, बंद बारच्या काउंटरवर. एमसने सकाळी ठेवलेलं मी बघितलं नसेल. त्यावर ग्लासाच्या बुडाचा ओला गोल होता.

पण मला काळजी विल्फची आहे. तो मग त्याने दिला नाही. मी मागितला तर म्हणाला, "हा माझाच आहे, मालकीणबाई." मालकीणबाई! आधी वाटलं थट्टा करतोय. चहात ढीगभर साखर घालणारा माणूस आता साखर बाजूला सारतो. घराबाहेर पडत नाही तरी बुटांना काळा चिखल, आणि आपल्या गावात तसा चिखल कुठेच नाही. काल जेवताना खिडकीकडे बघत म्हणाला, "अंधार पडायच्या आत कळप ओढ्यापलीकडे नेला पाहिजे."

आणि आज सकाळी एमस आला. विल्फ काउंटरमागे त्याच्या अगदी समोर उभा होता. एमस त्याच्या आरपार माझ्याकडे बघून म्हणाला, "एव्हिस, आज एकटीच? विल्फ कुठेय?"

मावशी, मी काय करू?

एव्हिस


क्लिफ हाऊस, सॉल्टवेल
७ नोव्हेंबर

एव्हिस,

रडत बसू नकोस, अजून वेळ गेलेली नाही. जेबेझ काय करतोय ते सांगते. त्याला परत यायला जागा मिळाली, पण त्याचा मग जिवंत माणसाच्या हातात आहे. म्हणजे एका मगाचे दोन धनी झाले. त्यातला एक बाकावर बसणार आणि दुसरा दलदलीत जाणार. जेबेझ तिथे खूप वर्षं राहिला, त्याला आता बाकावर बसायचंय. तो दुष्ट नव्हता म्हणतात, थंडीने काकडला होता, बस.

उद्या दुपारी दार लावलंस की एमसला थांबवून घे. तळाची अक्षरं वाचून कोण जिवंत नि कोण मेलं ते तो सांगेल. जिवंत माणसाचा मग चुकून भिंतीकडे करू नकोस, नाहीतर त्याला आपल्याच घरात कुणी ओळखणार नाही. मेलेल्यांचे सगळे एका बैठकीत फिरव, मध्ये उठू नकोस, आणि कुणी नावाने हाक मारली तर ओ देऊ नकोस. जेबेझचा सगळ्यांत आधी. विल्फला नवा मग आण, दुकानातून, कुणाच्याही ओठाला न लागलेला.

रूबेनचा तेवढा राहू दे. तो घरचा माणूस, आणि तुझा काका जिवंतपणीही कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. शेकोटीजवळची राख त्याचीच असणार. मी त्याला आयुष्यभर सांगत आले, कठड्यावर झटकू नकोस. कसा दिसतो गं तो? बोलतो का काही?

तुझ्या पोर्क पायमध्ये मिरी जास्त पडते. वास सांगतो.

डॉर्कस


द ब्लॅक रॅम
२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तू सांगितलंस तसं केलं. एमस स्टुलावर बसून सांगत गेला आणि मी फिरवत गेले. "हा मेला. हाही मेला. हा मी, हात लावू नकोस. हा मेला, बरंच झालं." तुझ्या मगापाशी आला तर म्हणाला, "डॉर्कस आहे अजून, तिचा बाहेरच." रूबेन काकांचा मी राहू दिला तेव्हा मात्र त्याचं तोंड वाकडं झालं. "डॉर्कसने सांगितलंय? तिच्यासारख्या बाईने?" मग म्हणाला, "सांगितलं असेल तर असेल." मध्ये माझ्या मागून आईच्या आवाजात कुणीतरी एव्हिस म्हणालं. मी ओ दिली नाही. माझे दात अजून दुखताहेत, इतके मी ते आवळले होते.

आठवडाभर दुपार शांत होती. विल्फने एकदा चहात साखर घातली आणि मी पातेल्यामागे तोंड लपवून रडले. मग तो पुन्हा बिघडला. जेबेझचा मग रोज भिंतीकडे करते आणि रोज दुपारी तो विल्फच्या हातात असतो, ओला. नवा मग फळीवर तसाच पडलाय. विल्फचे हात ओढ्यातल्या दगडांसारखे गार झालेत. आज त्याने मला विचारलं, "बाई, इथे एक विल्फ नावाचा माणूस राहायचा, तो कुठे गेला?" मी म्हटलं, "तूच आहेस रे तो." त्याने अगदी भल्या माणसासारखी नकारार्थी मान हलवली.

आणखी एक गोष्ट आहे, मावशी. आज कपडे धुवायला काढले तर माझ्या ॲप्रनच्या खिशात तीन नोव्हेंबरचं माझं पत्र निघालं. बंद लिफाफ्यात. मी ते काउंटरवर ठेवायलाच विसरले होते. मग तू उत्तर दिलंस ते कशाचं? एमसला विचारलं तर म्हणाला, "सॉल्टवेलचं पत्र? मी तुझ्याकडून सॉल्टवेलचं एकही पत्र नेलं नाही, पोरी. तिकडून आणलंही नाही."

आणि पायमधली मिरी. तुला वास कसा आला?

मी येतेय. शनिवारी एमसची बायको घराकडे बघणार आहे. गोवर असला तर असला.

एव्हिस


क्लिफ हाऊस, सॉल्टवेल

येऊ नकोस. रस्त्यावर बर्फ आहे. मी तुझ्या हातापाया पडते, एव्हिस, एवढं ऐक. नाताळपर्यंत थांब. मला नाताळपर्यंत वेळ दे.

डॉ.


द ब्लॅक रॅम
२ डिसेंबर

मावशी,

तू मेलीस हे मला सांगितलं का नाहीस?

रस्त्यावर बर्फ नव्हता. चांगलं ऊन होतं. दोन बस बदलून मी तुझ्यासाठी डॅमसन प्लमच्या मुरंब्याची बरणी मांडीवर घेऊन आले. दार उघडलं ते मिस इंचबाल्डनी, तुझ्या वृद्धाश्रमाच्या मेट्रननी. मी म्हटलं, "मिसेस थॅकरे कुठल्या खोलीत आहेत?" त्यांनी मला आत बसवलं, हातातली बरणी काढून घेतली आणि मग सांगितलं. लोक असंच करतात, आधी हात रिकामे करतात.

म्हणाल्या, "जुलैत गेल्या त्या. झोपेत. तुम्हाला कॅनडाला लिहिलं होतं मी, दोनदा. तुम्ही तिथून हलला होतात का?" मी म्हटलं, "हो, उन्हाळाभर दिराकडे होतो." मग मी वेड्यासारखं विचारलं, "इथे गोवर आहे का?" "गोवर? इथे सगळ्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, बाई." गावाकडे कुणाला कळवलं नाही का, तर म्हणाल्या, त्यांनीच बजावलं होतं, भाचीशिवाय कुणाला कळवायचं नाही. ब्रुअरीवर तुझा राग होता आणि फुकटची फुलं तुला नको होती. हे मात्र तुझंच बोलणं, शंकाच नाही.

त्यांनी मला चर्चच्या आवारात नेलं. समुद्र दिसतो तिथून. गवत पूर्ण उगवलेलं होतं. मी तिथे बसून दोन तास रडले, आणि रडून झाल्यावर मला तुझा इतका राग आला की मुरंबा तिथेच ठेवायचा होता तो परत घेऊन आले.

आता नवरा माझ्यासमोर बसलाय आणि त्याला मी दिसत नाही. त्या दिवशी गावातल्या कुणालाच तो दिसला नाही. एमसची बायको म्हणाली, दिवसभर घर रिकामं होतं. त्याच्या बुटांतून पाणी ठिबकतंय आणि तो दाराकडे बघतोय. मी दार लावून किल्ली गळ्यात घातलीय.

मी हे पत्र टपालात टाकणार नाही. काउंटरवर ठेवतेय, तुझ्या मगाखाली. तू ते उचलतेस हे मला माहीत आहे. ऑक्टोबरपासून तू इथेच आहेस, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे, रोज दुपारी. मला एकदा हाकही मारली नाहीस.

मला भीती वाटत नाही, मावशी. वाईट वाटतंय.

एव्हिस


दुपारी

माझ्या एव्हिस,

हाक कशी मारणार? तू ओ दिली असतीस.

पत्ता खोटा घालायचा आता काही अर्थ नाही. मी शेकोटीजवळच्या बाकावर बसून लिहितेय. रूबेन शेजारी आहे. राख कठड्यावर झटकतोय आणि मी सांगितलं तर ऐकत नाही.

जुलैत डोळे मिटले ते मला कळलं. मग मी या बारमध्ये उभी होते, कारण माझ्या मगाचं तोंड अजून बाहेर होतं. कुणाला खबरच नव्हती, तेव्हा फिरवणार कोण? सगळा उन्हाळा मी इथे एकटी होते. ब्रुअरीचा माणूस ग्लास धुतल्यावर पुसायचाही नाही, ते बघत बसणं हीच एक शिक्षा. मग तू आलीस. तुझं पहिलं पत्र काउंटरवर दिसलं, माझं नाव लिहिलेलं. मी ते उचललं. उचलता आलं. त्यानंतर मला कशाचं भान राहिलं नाही, पोरी. तू सगळे मग फिरवलेस तेव्हा मला संकट दिसलं हे खरं, आणि मी तुला सांगितलंही. पण त्याच दुपारी रूबेन दारातून आत आला. एकवीस वर्षांनी. टोपी काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बिअर पातळ झालीय." मी त्याला पुन्हा घालवू शकले नाही.

म्हणून तुला खोटं सांगितलं. मेलेल्याचा एकही मग बाहेर तोंड करून राहिला की एकदा आत आलेल्या सगळ्यांनाच दार उघडं राहतं. मला हे माहीत होतं. जेबेझ रूबेनच्या आणि माझ्या मागून आत येतो. तू त्याचा मग रोज फिरवतेस आणि आम्ही दोघं त्याच्यासाठी दार धरून ठेवतो. मला वाटलं होतं, नाताळपर्यंत तुझा विल्फ टिकेल. मला नाताळ तुझ्याबरोबर काढायचा होता. भिंतीपलीकडून का होईना, तू पुडिंग ढवळताना गुणगुणतेस ते ऐकायचं होतं. विल्फ इतक्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं. हे काही कारण नाही. मला जायचं नव्हतं, हेच खरं.

काल तो दाराशी उभा राहिला होता आणि जेबेझ बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला, हात शेकत. त्याने तुझ्या नवऱ्याचा स्वेटर घातला होता. तू विणलेला, कोपराला ठिगळ असलेला. तेव्हा माझं मन ठरलं.

रूबेनचा आधी फिरव. मग माझा. त्यानंतर जेबेझचा. मी हाक मारणार नाही. दुसऱ्या कुणाची आली तर ओ देऊ नकोस. माझा मग धुऊ नकोस, कधीच नाही, कितीही धूळ बसली तरी. तुझा हात शिवशिवेल, मला ठाऊक आहे. आणि एमसला माझं सांग. पुढच्या मालकिणीला ही रीत आता तू सांगायचीस. कागदावर नाही, तोंडी.

मुरंबा तू खा. तुला लहानपणी चमचा चाटू दिला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुझी मावशी,
डॉर्कस


द ब्लॅक रॅम
४ डिसेंबर

प्रिय मावशी,

काल दुपारी दार लावून केलं. काकांचा मग फिरवला तेव्हा शेकोटीजवळ कुणीतरी खाकरलं. तुझा हातात घेतला आणि मला तो फिरवता येईना. मी उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही. एका बाजूला विल्फ दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होता. किल्ली माझ्या गळ्यात होती, पण त्या दाराला आता किल्ली लागत नव्हती, ते हळूहळू उघडत होतं आणि बाहेर हाय स्ट्रीट दिसत नव्हता. नुसतं धुकं आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. मी ओरडले, "मावशी, सांग ना काहीतरी." तू काही बोलली नाहीस. कबूल केल्याप्रमाणे. आयुष्यभर मला टोचून बोलत आलीस आणि नेमकं काल गप्प बसलीस.

शेवटी मी फिरवला. तुझा, त्यानंतर जेबेझचा. मागे बघितलं तर दार बंद होतं आणि विल्फ पायरीवर बसून बूट काढत होता. म्हणाला, "एव्हिस, हे बूट ओले कसे झाले गं?" मी म्हटलं, "तळघरात पाणी आलंय." रात्री त्याला ताप भरला, पण साधा, माणसाला येतो तसा. सकाळी एमस आला, काउंटरवर पैसे ठेवले आणि म्हणाला, "काय विल्फ, तोंड का उतरलंय?" मी मागे जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

एमसला तुझं सांगितलं. त्याने टोपी काढली आणि वर बघत म्हणाला, "म्हणजे ती सबंध उन्हाळा माझ्या ग्लासात बघत होती." मग अर्धा ग्लास प्यायचा तो पूर्ण प्यायला.

आज मिस्टर लाइलही येऊन गेले. सगळे मग पुन्हा वेडेवाकडे का टांगले, विचारत होते. मी म्हटलं, "ही इमारत जपायची आहे ना, साहेब? मग जसं होतं तसं." त्यांनी लिहून घेतलं.

विल्फने आत्ताच चहा मागितला आणि साखरेचं भांडं स्वतःकडे ओढलं. हे तुला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले. पत्र काउंटरवर ठेवतेय, तुझ्या मगाखाली. माहीत आहे, तरीही.

तुझी,
एव्हिस

शुक्रवार. दुपारी दार लावून तासभर स्वयंपाकघरात बसले, पुडिंग ढवळत. गुणगुणलेही. साडेपाचला बार उघडायला गेले. बाक गार होता. पत्र जिथे ठेवलं होतं तिथेच आहे.